वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका

उपचारांतल्या हलगर्जीपणामुळे घरातलं माणूस गेलं किंवा अधू झालं, असा संशय ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आज एकच काम करावं. ते घडलं ती तारीख शोधावी आणि तिच्यापुढे दोन वर्षं मोजावीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तेवढ्याच मुदतीत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हावी लागते.

तक्रारदारांचे कागद लावून द्यायचं काम मी करतो. मध्यंतरी एक ताई आल्या. किराणा दुकानाच्या पिशवीत एक्स-रे, केसपेपर, औषधांच्या पावत्या, सगळं नीट घडी घालून आणलेलं. पावत्यांवरची शाई मात्र उडून गेली होती. यजमान ऑपरेशनला गेले ते परत आलेच नाहीत. "सासूबाई म्हणाल्या, वर्षश्राद्ध होऊ दे. मग दिरांनी हॉस्पिटलला पत्र पाठवलं. उत्तर येईल म्हणून थांबलो." मी तारीख पाहिली. मुदत संपून चार महिने झाले होते. हे त्यांना कसं सांगावं, मला सुचेना.

दुःखात कोर्टाचं नाव काढणं आपल्याकडे बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण कायदा सुतक पाळत नाही. हॉस्पिटलला पत्र लिहिलं, वकिलाची नोटीस गेली, मेडिकल कौन्सिलकडे किंवा पोलिसांत अर्ज दिला, तरी आयोगाची मुदत पुढे सरकत नाही. सर्वांत जास्त माणसं इथेच फसतात. मुदत टळल्यावर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं आणि माफी मिळेलच असं नाही.

नुकसान उशिरा कळलं तर? २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असं एक प्रकरण आलं होतं. गोव्यातल्या एका परिचारिकेचं १९९३ मध्ये पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. पोटात गॉज राहिल्याचं २००२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी उघड झालं, आणि २००४ मध्ये त्यांनी तक्रार केली. न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. इजा लपलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर जेव्हा कळू शकली असती तेव्हापासून मुदत धरायची, हे तत्त्व त्या निकालात आहे. पण ऑपरेशनपासूनच त्यांना पोटदुखी होती आणि त्या स्वतः परिचारिका होत्या, तेव्हा त्यांनी आधीच छडा लावायला हवा होता, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. मला हा निकाल फार कठोर वाटतो. पण तो आहे. म्हणून ऑपरेशननंतर दुखणं थांबत नसेल तर अंगावर काढू नका. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांचं मत लेखी घ्या.

प्रत्येक मृत्यू हा डॉक्टरांचा दोष नसतो, आणि आततायीपणा तर मुळीच नको. खरं काय ते कागदच सांगतील. केसपेपर, संमतीपत्र, ऑपरेशनची नोंद, नर्सचे तक्ते यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाची पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. दाखल रुग्णाचे कागद जपण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे, म्हणून इथेही उशीर नको. पावत्यांची झेरॉक्स आजच काढा.

पैशाची धास्ती घेऊ नका. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. ५० लाखांपर्यंतच्या बिलाची तक्रार जिल्हा आयोगात, तीही तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते. वकील दिलाच पाहिजे असंही नाही. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ते सरकारी रुग्णालय मात्र १९९५ च्या निकालानुसार या कायद्यात येत नाही. तुमचं प्रकरण तिथलं असेल तर दिवाणी दाव्यासाठी वकिलांना लगेच भेटा, कारण तिथेही मुदत असतेच.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे लिहिता तिथेच, आपल्या मुदतीचा शेवटचा दिवस आज लाल पेनाने लिहून ठेवा.