तेलाच्या बाटलीतला देव

अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८३१ साली नगरला आली, पुढे कॅथलिक मिशन आले. देवळाली प्रवरा, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांतून जुने देव्हारे उठले त्यालाही कित्येक पिढ्या लोटल्या. म्हणूनच मूर्तिपूजेचा विषय निघाला की आपले बोट हमखास शेजाऱ्याच्या देवळाकडे जाते. ते बोट आता खाली घ्यावे. शेजाऱ्याचा हिशेब शेजारी देईल; आपल्या घरात काय चालले आहे ते आधी पाहू.

बायबलच्या शेजारी ठेवलेली तेलाची छोटी बाटली पाहा. बाटलीवर प्रभूचे नाव बारीक अक्षरांत, प्रचारकाचा फोटो मात्र ठसठशीत. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी, हे याकोबाच्या पत्रात आहेच. पण त्या बाटलीच्या भरवशावर साखरेची गोळी बंद झाली, की प्रार्थना संपली आणि तोडगा सुरू झाला. मोशेने रानात उभारलेला पितळी सर्पही देवाच्याच आज्ञेने झाला होता. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. देवाने दिलेली वस्तूही देवाच्या जागी बसू शकते, हा त्यातला इशारा आहे.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे पवित्र मरियेच्या, यात्रेला माणसांचा पूर लोटतो. माउलीचा मान राखावा, तिची मध्यस्थी मागावी. पण ‘नोकरी लाव, मग मेणबत्ती लावतो’ हा सौदा झाला. प्रोटेस्टंटांनी यावर हसू नये. ‘दशमांश द्या, दुप्पट मिळेल’ हाही सौदाच.

सर्वांत जुना देव तर भिंतीवर दिसतही नाही. लग्नाच्या बायोडाटावर ‘ख्रिस्ती’ लिहिलेले असते, तरी फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘मूळचे कोण?’ बाप्तिस्म्याच्या पाण्यालाही जी जात धुता आली नाही, तिच्यापुढे आपण रोज गुडघे टेकतो. असाच न दिसणारा दुसरा देव लोभाचा. पौलाने कलस्सैकरांना लिहिताना लोभाला मूर्तिपूजेतच जमा केले आहे. मंडळीच्या जागेसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या पंचांनी ते पत्र पुन्हा वाचावे.

याच राहुरीत काही वर्षे राहिलेल्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला. प्रत्येकाने नोकरी सोडावी असे कोणी म्हणत नाही. पण जे सोडायच्या नुसत्या विचाराने छातीत धस्स होते आणि ज्याच्यासाठी खोटे बोलायला जीभ कचरत नाही, ते आपले दैवत झाले आहे, हे ओळखावे.

मंडळ्यांनी आता गप्प बसू नये. तेल आणि पाणी विकणाऱ्याला व्यासपीठ देऊ नका. औषध बंद करायला सांगणाऱ्याला भर सभेत जाब विचारा. दानपेटीचा हिशेब दरवर्षी सर्वांसमोर वाचा. आणि सोयरीक जुळवताना जात विचारणाऱ्याला, तो पंच असो की पाळक, हे ख्रिस्ताच्या मंडळीत चालणार नाही असे तोंडावर सांगा.