नव्या वैद्याचा विशिखानुप्रवेश : उत्तरदायित्व कोणाचे?

आंतरवासिता पूर्ण करून एखादा तरुण वैद्य आपल्या चिकित्सालयात किंवा औषधनिर्माणशाळेत रुजू होतो. पहिल्या दिवशी पेढे वाटले जातात, दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढ्यात रुग्णांची रांग किंवा नोंदवह्यांचा ढीग येतो. सहा महिन्यांत तो सोडून गेला की ‘आजच्या पिढीत चिकाटी उरली नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हेतूचा विचार न करता केलेले हे निदान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साडेचार वर्षांचे अध्ययन आणि एक वर्षाची आंतरवासिता यांतून स्नातकाला शास्त्र समजते. एखाद्या चिकित्सालयाची रीत मात्र तेथे गेल्यावरच कळते. काढ्याचे भरड द्यायचे की तयार काढा, अनुपान कोणी समजवायचे, जुन्या रुग्णाचा कल्प बदलायचा तर कोणाला विचारायचे, हे कोणत्याही ग्रंथात नसते. अनेकांनी पाहिलेला प्रसंग आहे. ज्येष्ठ वैद्य परगावी असताना नवा सहकारी रुग्णाची चालू वटी बंद करून दुसरी देतो. त्याचा विचार शास्त्राला धरून असतोही. पण ‘मोठ्या वैद्यांचे औषध चुकले होते’ असा समज घेऊन रुग्ण घरी जातो. परत आल्यावर ज्येष्ठ वैद्य सर्वांदेखत नव्याला बोलतात. दोघांचाही हेतू चांगला, तरी एकमेकांवरील विश्वास तेथेच संपतो.

सुश्रुताचार्यांनी या विषयाला स्वतंत्र स्थान दिले आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर छेदनाचा अभ्यास करण्यास सांगितले आहे. त्यापुढचा दहावा अध्याय विशिखानुप्रवेशनीय, म्हणजे व्यवसायात पाऊल टाकण्याविषयीचा. ग्रंथ जाणलेल्या, कर्म पाहिलेल्या आणि स्वहस्ते केलेल्या वैद्यानेही राजाज्ञा घेऊन, स्वच्छ व साध्या वेषाने, प्रसन्न मनाने आणि चांगल्या सहायकासह प्रवेश करावा, असा तेथील आशय आहे. तयार वैद्यालाही आचार्यांनी एकटे पाठविले नाही. मग आपल्याकडे येणाऱ्या नव्या वैद्याचा सहायक कोण, हे आपण कधी ठरविले आहे काय?

औषधनिर्माणशाळेत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तैल सिद्ध होताना फेन येतो आणि घृत सिद्ध होताना फेन शमतो, हे स्नातकाला मुखोद्गत असते. परंतु मोठ्या कढईतला तो नेमका क्षण भट्टीवर वीस वर्षे उभ्या असलेल्या कारागिराचे डोळे आधी ओळखतात. नव्या वैद्याने त्या कारागिराकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. मालकानेही ‘यांना सर्व दाखवा’ असे कारागिराला स्पष्ट सांगावे. औषधे नियमावलीतील परिशिष्ट ‘टी’नुसार प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी लागते. जो पाक पाहिलाच नाही, त्याच्या नोंदीवर नवागताची स्वाक्षरी घेणे हे त्याच्यावर अन्यायाचे आणि आपल्यालाही धोक्याचे आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो : ‘शिकवून तयार करायचे आणि त्याने समोरच दवाखाना थाटायचा!’ ही भीती निराधार नाही. काहींनी तो अनुभव घेतला आहे. तथापि न शिकवलेला सहकारीही जातोच. तो लवकर जातो आणि कटुता घेऊन जातो. सन्मानाने शिकून गेलेला मात्र पुढे पंचकर्मासाठी आपल्याकडे रुग्ण पाठवितो आणि आपल्याच निर्माणशाळेची औषधे वापरतो.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी सूचना साधी आहे. पहिला आठवडा नव्या वैद्याला औषधांच्या खोलीत, निर्माणशाळेत असल्यास कच्च्या मालाच्या भांडारात घालवू द्यावा. त्यानंतर महिनाभर त्याने ज्येष्ठांशेजारी बसून रुग्णपत्रके लिहावीत. मग जुने रुग्ण आणि शेवटी नवे रुग्ण त्याच्याकडे सोपवावेत. आठवड्यातून अर्धा तास केवळ त्याच्या शंकांसाठी राखावा. चूक दाखवायची ती रुग्ण गेल्यावर, दार लावून.

नव्या वैद्यांनाही विनंती आहे. पहिले तीन महिने वही जवळ ठेवा. चालू चिकित्सेत बदल सुचवायचा तर आधी कारण विचारा. एखाद्या वेळी ते कारण रुग्णाच्या दहा वर्षांपूर्वीच्या आजारात दडलेले असते. पुडी बांधणाऱ्या मावशींनाही प्रश्न विचारा, कारण रुग्ण औषध खरोखर कसे घेतो हे त्यांना आपल्या सर्वांपेक्षा अधिक ठाऊक असते.

बीजाला क्षेत्र, ऋतू आणि जल मिळाल्याखेरीज अंकुर फुटत नाही, हे आपण रुग्णांना नित्य सांगतो. आपल्या दारी आलेल्या नव्या वैद्याच्या बाबतीत आपण ते विसरू नये.