अंधाराचे मूळ तुटवड्यात नव्हे, बेशिस्तीत

वीज कमी पडली म्हणजे अंधार होतो, ही समजूत भारनियमनाच्या दीर्घ अनुभवामुळे आपल्याकडे घट्ट रुजली आहे. परंतु मुलुखच्या मुलूख काळोखात लोटणाऱ्या घटनांचा इतिहास पाहिला, तर त्यांच्या मुळाशी बहुधा तुटवड्यापेक्षा हलगर्जीपणाच अधिक आढळतो.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तरेचे ग्रिड कोसळले. ते सावरते न सावरते तोच दुसऱ्या दिवशी भर दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिडे बंद पडली. सुमारे ४८,००० मेगावॅट भाराचा पुरवठा थांबला. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशाला झळ पोचली. रेल्वेगाड्या थबकल्या, बंगालमध्ये खाणकामगार भूगर्भात अडकले.

त्या वेळी पश्चिम भारतात वीज शिल्लक होती आणि उत्तरेकडील राज्ये वाट्यापेक्षा अधिक वीज ओढत होती. दोहोंना जोडणाऱ्या काही वाहिन्या आधीच बंद असल्याने सारा ताण बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर आला. तिच्या संरक्षक यंत्रणेने या अतिभारालाच बिघाड मानून ती तोडली. भारप्रेषण केंद्राच्या सूचना मिळूनही राज्यांनी आपली उचल पुरेशी कमी केली नव्हती, हे चौकशी समितीने स्पष्टपणे नमूद केले आहे. एका वाहिनीचा भार शेजारच्या वाहिन्यांवर पडतो, त्याही तुटतात आणि पाहता पाहता सारी साखळी निखळते.

हा दोष केवळ आपलाच आहे असे मात्र नव्हे. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी कॅनडातील ओंटारिओत वाढत्या भाराच्या मानाने फार खालच्या मर्यादेवर ठेवलेल्या एका रिलेमुळे न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायोत वेळेवर न छाटलेल्या झाडांना वाहिन्या टेकल्या, धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली मूक राहिली आणि सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली.

संकटकाळी उर्वरित ग्रिडपासून आपोआप विलग होणारी मुंबईची व्यवस्था हा आपल्या अभिमानाचा विषय होता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे येथील वाहिन्या निकामी झाल्या, तेव्हा नेमकी तीच अपयशी ठरली आणि लोकलगाड्या जागीच उभ्या राहिल्या.

नवे वीजप्रकल्प हवेत, हे निर्विवाद. तथापि ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे ग्रिडही उर्वरित देशाशी जोडले गेले. त्यामुळे एकाची वीज दुसऱ्याच्या कामी येते, तशीच एकाची चूक दुसऱ्याला भोवूही शकते. रिलेंची नियमित तपासणी, वाहिन्यांखालील झाडांची छाटणी आणि भारप्रेषण केंद्राच्या आदेशांचे तत्काळ पालन या कामांचे उद्घाटन होत नाही, कोनशिला बसत नाही. म्हणूनच ती मागे पडतात. त्यांचा हिशेब चौकशी समितीने मागण्याची वेळ येऊ न देता विधिमंडळांनी आणि नियामक आयोगांनी दरवर्षी मागावा. तो जाहीर व्हावा, एवढी अपेक्षा वीजबिल भरणाऱ्या नागरिकाने बाळगली तर ती अवाजवी ठरू नये.