नितळ म्हणजे निर्मळ नव्हे

फिशटँकमध्ये चिकणमाती घाला म्हटले, की बहुतेक हौशी मत्स्यपालकांच्या कपाळाला आठी पडते. त्यांचा मुद्दा सरळ आहे : माती पाणी गढूळ करते, गढूळ करणारी वस्तू पाणी स्वच्छ कशी करील? मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात नितळ पाणी आणि निर्मळ पाणी एकच धरले आहे. चूक तिथेच आहे.

नवी टाकी आठवून पाहा. पाणी काचेसारखे लखलखीत असते आणि त्याच पाण्यात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया पाण्यात उतरतो. त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. या विषाला रंग नसतो. मासे मारणारे डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसते त्या गढूळपणालाच आपण भितो.

शिवाय पाण्यात काही घालून पाणी निवळते, हे आपल्याला नवे नाही. गढूळ पाण्याच्या माठात निवळीची बी उगाळणाऱ्या, तुरटी फिरवणाऱ्या घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. तरंगणारे बारीक कण एकमेकांना बिलगले की जड होतात आणि तळाशी बसतात. बेंटोनाइट ही चिकणमाती जड पाण्यात असेच वागते. कॅल्शियममुळे तिचे कण एकत्र येतात आणि खाली बसताना तरंगता मळही सोबत नेतात.

तिचे खरे बळ मात्र याहून खोल आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असते. एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे पसरले तर ७०० ते ८०० चौरस मीटर जागा व्यापतील. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. सामू ७ च्या आसपास असेल तर पाण्यातला जवळजवळ सगळा अमोनिया धनभारित अमोनियमच्या रूपात असतो. माती त्याला धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. वाळूच्या थराखाली ही माती असेल, तर तिने धरलेले अमोनियम पाणवनस्पतींची मुळे खाऊन टाकतात. जपानच्या निगाता भागातले कोई मासे उन्हाळाभर मातीच्या तळ्यांतच वाढवले जातात, काचेसारख्या पाण्यात नव्हे.

आता मातीच्या अतिउत्साही भक्तांनाही सांगायला हवे. माती घातली की पाणी बदलायला नको, हे साफ खोटे आहे. नायट्रेट स्वतः ऋणभारित असल्याने मातीला चिकटत नाही. ते पाणी बदलूनच काढावे लागते. आजारी माशांसाठी मीठ घातले, तर धरलेले अमोनियम पुन्हा सुटू शकते. माती जास्त झाली तर कल्ल्यांना त्रास होतो. आपल्या शेतातल्या काळ्या मातीत याच जातीचे खनिज असले, तरी तिच्यात खते आणि कीटकनाशके उतरलेली असतात. ती टाकीत नकोच.

म्हणून सुगंध किंवा रसायन न मिसळलेले कॅल्शियम बेंटोनाइट घ्यावे, वेगळ्या भांड्यात कालवावे, थोडे थोडे घालावे आणि आधी व नंतर अमोनिया तपासावा. माती फिल्टरची जागा घेत नाही. जिवाणूंचे राज्य बसेपर्यंत ती माशांवरचा भार हलका करते. दोन दिवस पाणी थोडे धूसर दिसले तर दिसू द्या. टाकी आपल्या दिवाणखान्यात असली, तरी त्या पाण्यात श्वास घेतात ते मासे.