मुगाला युरिया कशासाठी? उन्हाळी पेरणी, खताचे दर आणि बेवडाचा हिशेब

कडधान्यांच्या आत्मनिर्भरतेसाठी केंद्र सरकारने ११ ऑक्टोबर २०२५ रोजी ११,४४० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०३०-३१ पर्यंत देशाचे उत्पादन ३५० लाख टनांवर न्यावयाचे आणि आणखी ३५ लाख हेक्टर जमीन कडधान्यांखाली आणावयाची, असा संकल्प आहे. मुख्य भर तूर, उडीद आणि मसूर यांवर असला, तरी रब्बी निघाल्यानंतर मोकळ्या राहणाऱ्या रानाकडे सर्वांचेच डोळे लागले आहेत. या रानात मार्च-एप्रिलमध्ये पेरला जाणारा मूग किंवा उडीद जूनच्या पावसाआधी पदरात पडतो. धोरणकर्त्यांना असे पीक प्रिय वाटणे स्वाभाविकच. प्रश्न क्षेत्राचा नाही. या पिकाला आपण कोणते खत घालणार, आणि ते कोणत्या कारणाने, हा खरा प्रश्न आहे.

तो पाहण्यासाठी झाशीसारखी जागा नाही. नगरासारख्या शहरी वस्तीतून बाहेर पडून बुंदेलखंडाच्या रानात शिरले, की थोड्याच अंतरात मातीचे रंग बदलतात. उताराची खडकाळ तांबडी ती राकड, हलकी ती पडुआ, काळी भारी ती काबर आणि खोल काळी ती मार. शेतकऱ्याने दिलेली ही चार नावे आजही कृषिशास्त्राच्या अहवालांत तशीच वापरली जातात. वाटाणा आणि मोहरी निघालेले रान मार्चमध्ये मोकळे होते, गव्हाचे एप्रिलच्या तोंडावर. साठ-पासष्ट दिवसांत येणाऱ्या मुगाला एप्रिलचा पहिला पंधरवडा ही पेरणीची जवळजवळ अखेरची मुदत. त्यानंतर पेरलेल्या पिकाच्या पक्व शेंगा पावसात सापडण्याचे भय असते. कानपूरच्या भारतीय कडधान्य संशोधन संस्थेने ‘विराट’सारखे पंचावन्न दिवसांच्या आतबाहेर तयार होणारे वाण दिले, त्यामुळे ही मुदत थोडी सैल झाली एवढेच.

आता खताच्या दुकानात जाऊ. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २०.७ किलो. एक किलो नत्र शेतकऱ्याला तेरा रुपयांच्या आत पडते. डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांची. तिच्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. त्या नत्राची किंमत युरियाच्याच दराने धरून वजा केली, तर स्फुरदाचा किलो ५३ रुपयांच्या वर जातो. म्हणजे सरकारी अनुदानानंतरही स्फुरद हे नत्राच्या चौपट महाग. ऐन पेरणीच्या घाईत, गव्हाचे पैसे अजून हाती न आलेला शेतकरी कोणती गोणी उचलेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा?

आणि मुगाची गरज नेमकी उलटी आहे. हेक्टरी पंधरा-वीस किलो नत्र आणि चाळीस-पन्नास किलो स्फुरद ही या पिकाची सर्वमान्य शिफारस. शंभर किलो डीएपीत ती जवळजवळ पूर्ण होते. एवढे थोडे नत्रही केवळ सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांपुरते, मुळांवर गाठी तयार होईपर्यंतचा शिधा म्हणून. पुढे वनस्पती आपली सोय आपणच पाहते. हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८०च्या दशकात शिंबी पिकांच्या गाठींचे हवेतील नत्राशी असलेले नाते दाखवून दिले आणि १८८८ मध्ये बायेरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू वेगळे केले. कारखान्यात अमोनिया तयार होऊ लागला तो त्यानंतर पाव शतकाने, १९१३ मध्ये. जे काम कारखाना प्रचंड दाब आणि चारशे अंशांच्या वरचे तापमान वापरून करतो, ते मुगाच्या मुळावरची ज्वारीच्या दाण्याहूनही लहान गाठ शेतातल्याच तापमानाला उरकते.

मात्र त्यासाठी वनस्पतीला शर्करा खर्च करावी लागते. जिवाणूंना ती फुकट पोसत नाही. मुळाशी आयते नायट्रेट मिळाले, तर ती गाठी कमी बांधते आणि बांधलेल्या गाठींचे कामही मंदावते. म्हणून मुगाला वरून युरिया देणे हा नुसता अपव्यय नव्हे. पैसे देऊन आपण त्या गाठींना रजेवर पाठवतो. शिवाय बुंदेलखंडातील एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो. तापलेल्या, विम्लतेकडे झुकलेल्या काळ्या मातीच्या पृष्ठभागावर युरिया फेकला, की युरिएज विकर त्याचे अमोनियात रूपांतर करते आणि त्यातला मोठा वाटा हवेत निघून जातो. कडुलिंबाच्या लेपाचा येथे फारसा उपयोग नाही. तो अमोनियापासून नायट्रेट होण्याची पुढची पायरी लांबवतो, अमोनियाचे उडून जाणे थांबवत नाही.

बाटलीबंद नॅनो युरियाने हा गुंता सुटेल, असे अनेकांना वाटते. विद्यार्थ्यांनी एक साधा गुणाकार करून पाहावा. मूळ उत्पादनाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत चार टक्के नत्र, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. गोणीतले नत्र २०.७ किलो. हजारपटीचा हा फरक पानांची कार्यक्षमता कितीही वाढली तरी भरून निघणारा नाही.

स्फुरदाची गोष्ट याहून हट्टी. नत्र पाण्याबरोबर मातीत हिंडते, स्फुरद जागचे हलत नाही. काळ्या चुनखडीयुक्त मातीत ते कॅल्शियमशी बांधले जाते, तांबड्या राकडीत लोह आणि ॲल्युमिनियमशी. म्हणून पेरणीच्या वेळीच, बियाण्याच्या थोडे खाली, ओळीत पडले तरच मुळाला सापडते. बी आणि खत वेगवेगळ्या नळ्यांतून सोडणारे पेरणीयंत्र यासाठीच आहे. वरून फोकलेले डीएपी पिकाला दिसतसुद्धा नाही. आणि गाठीतला नत्र स्थिरीकरणाचा सारा व्यवहार एटीपी या स्फुरदयुक्त रेणूवर चालतो. स्फुरद कमी पडले की गाठीही उपाशी.

मग येतो बेवड. कडधान्यानंतरच्या पिकाला जमिनीत जो लाभ मिळतो त्याला मराठी शेतकरी बेवड म्हणतो, आणि मुगाचा बेवड चांगला ही आपल्याकडे जवळजवळ श्रद्धा आहे. श्रद्धेचा हिशेब मांडू. मुगाच्या दाण्यात सुमारे २४ टक्के प्रथिने असतात. हेक्टरी दहा क्विंटल उत्पादन आले, तर २४० किलो प्रथिने, म्हणजे जवळजवळ ३८ किलो नत्र पोत्यांत भरून बाजारात जाते. गाठींनी हवेतून तेवढे आणले नाही आणि वर पालाही जनावरांसाठी उपटून नेला, तर जमिनीच्या पदरात वजाबाकीच पडते. शेंगा तोडून हिरवा पाला मातीत गाडला, तरच खरिपाला खरा वाटा मिळतो. मूग पेरला म्हणून जमीन सुपीक होत नाही. ती सुपीक होते मुळांवरच्या गाठी जगल्या आणि पाला मागे राहिला तर.

पाला मागे राहण्याची अडचण बुंदेलखंडात निराळीच आहे. रब्बी निघाल्यावर जनावरे मोकाट सोडण्याची येथे जुनी रीत आहे. तिला अन्ना प्रथा म्हणतात. एप्रिलच्या उजाड रानात एकट्याचेच हिरवे शेत असेल, तर ते गावच्या जनावरांचे कुरण झालेच म्हणून समजा. झाशीतच १९६२ पासून भारतीय गवताळ प्रदेश आणि चारा संशोधन संस्था उभी आहे, २०१४ च्या कायद्याने स्थापन झालेले राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे, कृषिवानिकीची केंद्रीय संस्थाही आहे. चारा, झाडे आणि पीक यांची एकत्रित मांडणी करणारे इतके ज्ञान एका शहरात असताना त्या शहराच्या जिल्ह्यात उन्हाळी पिकाला कुंपणाशिवाय जगता येऊ नये, हे मला बोचते. एकट्या शेतकऱ्याने तार ओढून हा प्रश्न सुटणार नाही. गावाने मिळून चाऱ्याचे रान राखले, तरच पीक आणि गोवंश दोन्ही तगतील.

पाण्याचे निमित्त तर सर्वांत मोठे. येथील खडक ग्रॅनाइटचा, विहिरी उथळ, आणि उन्हाळी मुगाला तीन-चार पाळ्या लागतात. केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी झाली. पाणी आले की काय होते, हे शेजारच्या मध्य प्रदेशात पाहता येते. नर्मदाकाठच्या कालव्यांवर उन्हाळी मूग फोफावला आणि पावसाआधी पीक झटपट वाळवण्यासाठी तणनाशके फवारण्याची सवय जडली. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने त्या कारणावरून आधी खरेदीच नाकारली आणि शेतकऱ्यांच्या रोषानंतर निर्णय बदलला. ज्या पिकाने जमीन सुधारावयाची, तेच पीक ताटात संशयास्पद ठरले.

म्हणून माझे म्हणणे असे. अभियानाच्या यशाचे मोजमाप केवळ पेरलेल्या हेक्टरांत करू नये. त्या हेक्टरांवर किती युरिया पडला नाही आणि पुढच्या खरिपात किती वाचला, हेही जाहीर व्हावे. अनुदानाचा थोडा भाग युरियाकडून स्फुरदाकडे वळवावा. युरियाचा दर वाढवणे राजकीयदृष्ट्या कठीण आहे हे मान्य, पण कडधान्य पेरणाऱ्यापुरते डीएपी किंवा सिंगल सुपर फॉस्फेट स्वस्त करणे कठीण नाही. रायझोबियमचे पाकीट ही जिवंत वस्तू आहे, हेही खरेदीखात्याने लक्षात घ्यावे. मार्च-एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात आठवडे काढलेल्या पाकिटात मेलेले जिवाणूच मिळतात. आणि हरभऱ्याचे पाकीट मुगाला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे.

विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी या उन्हाळ्यात मूग पेरला जाणार असेल, त्यांनी दहा किलो बियाण्याला एक पाव किलोचे पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळावे, बी सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. शेजारच्या चार ओळी तशाच कोऱ्या सोडाव्यात. तीस दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच रोपे मातीसकट खणून, मुळे पाण्यात हलकेच धुऊन गाठी मोजाव्यात आणि नखाने फोडून पाहाव्यात. आतून गुलाबी असेल तर गाठ कामावर आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जवळच्या नातलगाचा. पांढरी, हिरवट किंवा तपकिरी निघाली, तर त्या शेतात याआधी कोणती गोणी रिकामी झाली ते घरी विचारावे.