बावन्न सेकंदांची देशभक्ती

१४ ऑगस्टच्या रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन मेसेज पाठोपाठ आले. पहिला : उद्या सकाळी साडेसात वाजता ध्वजारोहण, सर्वांनी पांढऱ्या कपड्यांत वेळेवर यावे, नंतर जिलेबी आणि सामोसे. दुसरा : 'मागच्या रविवारी ठरल्याप्रमाणे' फ्लॅट भाड्याने देण्याआधी समितीला भाडेकरूचं नाव कळवावं आणि 'सोसायटीचं वातावरण' लक्षात घ्यावं. पहिल्या मेसेजखाली तिरंग्यांची रांग लागली. दुसऱ्याखाली अंगठ्यांची.

मागच्या रविवारी काय ठरलं ते मला माहीत आहे, कारण मी त्या बैठकीत होतो. माझ्या टीममधला एक सहकारी घर शोधत होता. आमच्या इमारतीतला रिकामा फ्लॅट मीच त्याला दाखवला. मालक तयार होता, डिपॉझिटचा आकडाही ठरला होता. मग मालकाने समितीला नाव कळवलं. नाव मुसलमान होतं.

बैठकीत कुणी एकही वाईट शब्द वापरला नाही, हे मुद्दाम सांगतो. "मुलगा चांगलाच असेल हो, पण आज एक येईल, उद्या चार येतील." "आपल्याकडे गणपती असतो, त्यालाच अवघडल्यासारखं होईल." त्याची काळजी वाहत वाहत त्याला घर नाकारण्यात आलं. पाच मिनिटांत विषय संपला आणि टँकरच्या बिलावर चर्चा सुरू झाली. मी गप्प बसलो. मीसुद्धा इथे भाडेकरूच आहे, माझा करार नोव्हेंबरात संपतो, असं मनाशी म्हटलं. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते उंचावर उभं राहून लिहिलेलं नाही, एवढं आधीच मान्य करून टाकतो.

१५ तारखेला सकाळी झेंडा बांधला रात्रपाळी संपवून थांबलेल्या वॉचमनने. दोरी ओढली अध्यक्षांनी. 'अनेकांच्या बलिदानातून मिळालेलं स्वातंत्र्य आपण जपलं पाहिजे' असं छोटं भाषण झालं. मग बावन्न सेकंद सगळे ताठ उभे राहिलो. माझ्याही अंगावर काटा आला. दरवर्षी येतो, आणि तो खोटा नसतो. प्रश्न एवढाच आहे की आपण नक्की कशासाठी ताठ उभे होतो.

माझ्या आजोबांचं गाव परभणी जिल्ह्यातलं. त्या गावाला १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य मिळालं नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तिथे भारताचा झेंडा लावायला बंदी होती. तिथलं स्वातंत्र्य आलं १७ सप्टेंबर १९४८ ला. मधल्या तेरा महिन्यांत गावात कुणाच्या तरी कणगीत, ज्वारीच्या खाली, घडी केलेला झेंडा होता, असं आजोबा सांगायचे. कुणाच्या कणगीत ते त्यांनी म्हातारपणीसुद्धा सांगितलं नाही. न सांगण्याची सवय लागली होती म्हणे.

लहानपणी मला ही शौर्यकथा वाटायची. आता तिच्यातली दुसरी गोष्ट दिसते. तो झेंडा जवळ बाळगणं ही अवज्ञा होती. जो सत्तेवर होता, ज्याचे पोलीस होते, ज्याचा कायदा होता, त्याला 'तू म्हणतोस म्हणून मी तुझ्यावर प्रेम करणार नाही' असं सांगण्याची ती खूण होती. त्या कापडाचा जन्मच बेइमानीच्या आरोपाखाली झालेला आहे.

ब्रिटिश हद्दीत या आरोपाला कलम होतं. भारतीय दंड संहितेतलं १२४अ, १८७० साली घातलेलं. १८९७ साली 'केसरी'तल्या मजकुरावरून टिळकांवर याच कलमाखाली खटला झाला. त्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातल्या 'अप्रीती' या शब्दाचा अर्थ सांगितला तो असा, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारविरुद्ध हत्यार उचलणं दूरच, लोकांच्या मनात सरकारविषयी प्रेम नसेल असं काही लिहिलंत तरी तुम्ही गुन्हेगार. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ साली याच कलमाखाली पुन्हा सहा वर्षं, मंडालेला. १९२२ साली अहमदाबादच्या खटल्यात गांधींनी गुन्हा सरळ कबूल केला आणि न्यायाधीशांना सांगितलं की प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही.

या कलमाला मराठीत आपण 'राजद्रोह' म्हणत आलो. त्याच्या उलट गुणाला जुना शब्द होता 'राजनिष्ठा'. सरकारदरबारी अर्ज करताना आपण किती राजनिष्ठ आहोत हे आधी लिहायची पद्धत होती. १९४७ नंतर राजा गेला, तेव्हा हे दोन्ही शब्द अडगळीत जायला हवे होते. तसं झालं नाही. बातम्यांत आणि बोलण्यात राजद्रोहाचा कधी 'देशद्रोह' झाला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि मग त्याच वाटेने राजनिष्ठा 'देशभक्ती' हे नाव घेऊन परत घरात आली.

माझं म्हणणं एवढंच आहे. आज आपण ज्याला देशभक्ती म्हणतो तिचा बराच मोठा भाग ही जुनी राजनिष्ठाच आहे. तिची लक्षणं तपासून बघा. ती प्रश्नाला घाबरते. ती तुमच्याकडून कृतीपेक्षा भावनेची हजेरी मागते : उभे राहिलात का, डीपी बदललात का, घोषणेला आवाज दिलात का. आणि ती शेजाऱ्याची हजेरी घ्यायला फार उत्सुक असते.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली केदारनाथ सिंग खटल्यात स्पष्ट केलं होतं की सरकारवर कडक टीका करणं म्हणजे राजद्रोह नव्हे. तरीही कलम टिकलं. मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्याचा वापर थांबवायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात 'राजद्रोह' नावाचा गुन्हा नाही, पण देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणण्याविषयीचं कलम १५२ आहे. कायद्याचे तज्ज्ञ त्यावर वाद घालत राहतील. मला काळजी कलमापेक्षा आपल्या मनातल्या न्यायमूर्ती स्ट्रॅचींची वाटते. प्रीतीचा अभाव दिसला की माणूस द्रोही, हे त्यांचं सूत्र आपण कुणीही न शिकवता पाठ केलं आहे.

झेंड्याचंच बघा. सामान्य नागरिकाला वर्षातल्या कुठल्याही दिवशी राष्ट्रध्वज लावता यायला लागला तो २००२ सालापासून. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मानाने झेंडा लावणं हा नागरिकाचा अभिव्यक्तीचा हक्क आहे, घटनेच्या कलम १९(१)(अ) खालचा. म्हणजे बाल्कनीत तिरंगा लावण्याचा माझा हक्क आणि सरकारला जाब विचारण्याचा माझा हक्क एकाच कलमातून येतात. आपण त्यातला पहिला जोरात वापरतो आणि दुसरा वापरणाऱ्याला पाकिस्तानचा रस्ता दाखवतो.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ध्वजारोहण केलं. आदल्या रात्री झेंड्याची घडी ते स्वतः घालायचे, आत फुलं ठेवायचे, आणि दोरी ओढल्यावर गाठ सुटेल ना या काळजीने त्यांना झोप लागायची नाही. त्यांच्या देशप्रेमाबद्दल शंका घेण्याची माझी लायकी नाही. दोन वर्षांपूर्वी ऑफिसकडे जाणारा रस्ता एकाच पावसाळ्यात तिसऱ्यांदा उखडला, तेव्हा मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, कंत्राट कुणाला आणि किती वर्षांच्या हमीवर दिलं एवढाच प्रश्न. हे कळल्यावर बाबांचा आवाज बदलला. "अरे, सरकारच्या वाटेला कशाला जातोस? तुझं चांगलं चाललंय ना?"

ज्या माणसाने हजारो पोरांना 'हा देश आपला आहे' असं शिकवलं, त्याला त्याच देशाला दहा रुपयांचा प्रश्न विचारणं हे वाघाच्या गुहेत जाणं वाटतं. दोष त्यांचा नाही. प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाची बदली कुठे होते, हे त्यांनी पाहिलेलं आहे. पण याला स्वातंत्र्य म्हणायचं की मालक बदलणं म्हणायचं? मायबाप सरकार हा शब्द आपण अजून वापरतो. नागरिकाला मायबाप नसतात, ते प्रजेला असतात.

ही सगळी धोक्याची सूचना आपल्याला देऊन ठेवलेली आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती ही अधोगतीची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे. त्याच भाषणात ते म्हणाले की राजकारणात एक माणूस एक मत, आणि समाजात मात्र विषमता, असा विरोधाभास घेऊन आपण प्रजासत्ताकात शिरतो आहोत. हजारो जातींत विभागलेले लोक आपण राष्ट्र आहोत असं कसं म्हणू शकतात, असंही त्यांनी विचारलं. आणि स्वातंत्र्य मिळाल्यामुळे आता जे वाईट होईल त्याचा दोष ब्रिटिशांवर ढकलता येणार नाही, हेही सांगितलं.

याच भाषणातला एक भाग माझ्यावर उलटवता येईल. आता सनदशीर मार्ग उघडे आहेत तेव्हा सत्याग्रह, कायदेभंग सोडा, असं त्यांनी सांगितलं होतं. कबूल. पण सनदशीर मार्ग म्हणजे काय? अर्ज, याचिका, सभा, लेख, मत. म्हणजे प्रश्नच. तो मार्गही ज्यांना देशविरोधी वाटतो, त्यांनी या वाक्याचा आधार घेऊ नये.

भक्तीच्या इशाऱ्यानंतर बंधुत्वाचा इशारा एकाच भाषणात यावा हा मला योगायोग वाटत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला याच माणसाने हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यालं. ते तळं इंग्रजांनी अडवलेलं नव्हतं. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळाने, पुढच्या वर्षी खुद्द महाडच्या नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केलेलं होतं. अडवत होते ते गावकरी. घटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांची नावं घेऊन भेदभाव करायला मनाई केली आहे, तेव्हा त्या कोरड्या यादीतलं तळं मला महाडचं दिसतं. पण त्या यादीत 'टू बीएचके' नाही. खाजगी घर कुणाला द्यायचं याबाबत आपला कायदा फारसा मदतीला येत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम मान्य केला होता.

आता बैठकीतल्या एका काकांबद्दल. "उद्या चार येतील" हे वाक्य त्यांचं. त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे, माझ्याच क्षेत्रात. गेल्या वर्षी त्याने तिथे घर घेतलं, त्याचे फोटो काकांनी सगळ्यांना दाखवले. त्या मुलाला धर्म, वर्ण किंवा मूळ देश पाहून घर नाकारणं तिथे बेकायदा आहे, १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टमुळे. तो कायदा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात झाला. त्यामागे कित्येक वर्षांची चळवळ होती, आणि ती करणाऱ्यांना त्यांचेच देशबांधव अमेरिकाद्रोही म्हणत होते. काकांच्या मुलाच्या दाराची किल्ली त्या 'द्रोहा'तून आली आहे. परदेशी जाण्याला माझी हरकत नाही, मीही उद्या जाईन कदाचित. पण तिथे आपल्याला जे हक्काने हवं असतं, ते इथे मागणाऱ्याला आपण कुठल्या तोंडाने 'वातावरण' समजावून सांगतो?

"आणि सीमेवरच्या जवानाचं काय?" हा प्रश्न येणारच. जवानाची आठवण आपल्याला नेहमी दुसऱ्याला गप्प करतानाच का येते, ते सोडून देऊ. भारतीय सैन्यात भरती होणारा जवान निष्ठेची शपथ घेतो ती भारताच्या राज्यघटनेशी. त्याचं नाव घेऊन बोलायचं असेल तर निदान त्याची शपथ वाचावी. तो ज्या पुस्तकासाठी थंडीत उभा राहतो, ते आम्ही इथे रविवारी सकाळी चहा पिता पिता मिटवून टाकलं.

त्या सहकाऱ्याला शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला घर मिळालं. रोज दीड तास जायला, दीड तास यायला. १५ ऑगस्टला सकाळी टीमच्या ग्रुपवर पहिला 'हॅप्पी इंडिपेंडन्स डे' त्याचाच होता, मुलीच्या गालावर रंगवलेल्या तिरंग्याच्या फोटोसकट. मला नेमकं काय टोचलं ते आता सांगता येतं. आमच्या अख्ख्या सोसायटीला देशभक्ती सिद्ध करायला बावन्न सेकंद पुरतात. त्याला आयुष्यभर पुरत नाहीत.

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. भाडेकरूला सभेत विषय मांडता येत नाही, म्हणून मी त्या फ्लॅटच्या मालकाला गाठलं. दोनदा त्याने टाळलं, तिसऱ्यांदा सही दिली. अर्ज एका पानाचा आहे : धर्म किंवा जात पाहून कुणालाही घर नाकारू नये, असा ठराव सभेपुढे ठेवावा. ठराव बहुतेक पडेल. सेक्रेटरींनी अर्ज घेतला, वाचला, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुला कशाला रे यात पडायचंय? तुझं चांगलं चाललंय ना?"

अर्जाच्या प्रतीवर मी त्यांच्याकडून पोच घेतली. करार नोव्हेंबरात संपतो आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.