धंद्याची पहिली बोट लहानच घ्या!



मागच्या रविवारी बारामतीच्या वर्कशॉपमध्ये एका मुलीने विचारलं, "ताई, आठ बाय दहाच्या गाळ्यात सुरुवात केली तर लोक हसतील. कर्ज काढून एकदम मोठंच दुकान घेऊ का?" व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण ते पुरेसं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझं मत सरळ आहे. पहिली बोट लहानच घ्या.

बोट म्हणायला कारण माझा भाचा. तो 'सी ऑफ थीव्हज' हा समुद्री चाच्यांचा ऑनलाइन गेम खेळतो. २०१८ मध्ये आलेला हा गेम. त्यात सगळ्यात लहान जहाज म्हणजे स्लूप. एक डोलकाठी, दोन तोफा, एक-दोन खेळाडूंपुरतं. सगळ्यात मोठं गॅलियन. तीन डोलकाठ्या, आठ तोफा, चार खेळाडू. मी म्हटलं, "मग गॅलियनच घे की!" तो म्हणाला, "मावशी, ते एकट्याने चालवून बघ. शीड ओढू, सुकाणू धरू की भोकं बुजवू? आणि वारा समोरून असला की स्लूपच पुढे पळतं."

मी BBA ला तीन वर्षं घालवली, पण फिक्स्ड कॉस्ट इतकी सोपी करून मला कोणी सांगितली नव्हती.

आपल्या इतिहासातही हे घडलंय. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी, खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी बेटावर काम बघत होते. इंग्रजांनी नाकेबंदीला जहाजं पाठवली, त्यात 'रिव्हेंज' हे मोठं जहाज. १८ ऑक्टोबरला समोरासमोर लढाई झाली. मराठ्यांनी इंग्रजांचं 'डोव्हर' पकडलं, पण 'रिव्हेंज'च्या तोफांपुढे मराठी ताफ्याला खाडीकडे माघार घ्यावी लागली. म्हणजे तोफेला तोफ लावून लहान बोट जिंकत नाही, हेही मान्य करा.

पण गंमत पुढे आहे. मराठ्यांच्या होड्या रात्री किनाऱ्यावरून निघायच्या आणि बेटावर सामान पोचवायच्या. तळ उथळ, त्यामुळे कमी पाण्यातून जायच्या. वारा पडला की मोठी जहाजं जागेवर, आणि यांची वल्ही चालू. इंग्रजांना रसद तोडता आली नाही. जानेवारी १६८० मध्ये त्यांनी नाकेबंदी उठवली. किल्ला आजही उभा आहे.

आता माझी चूक सांगते. इंदापुरात माझं बांगड्या-कॉस्मेटिक्सचं लहान दुकान. महिन्याचा ठरलेला खर्च अकरा हजार. शंभराच्या विक्रीवर पंचवीस सुटतात. म्हणजे महिन्याला चव्वेचाळीस हजारांची विक्री, रोज साधारण दीड हजार, झाली की खर्च निघतो. चांगलं चाललं होतं. मग मला हौस आली. बारामतीत एसी दुकान, दोन मुली कामाला, काचेचं फर्निचर, वर कर्जाचा हप्ता. ठरलेला खर्च बासष्ट हजार! रोज सव्वाआठ हजार विकल्याशिवाय खर्चही निघेना.

आपल्याकडचा वारा तुम्हाला माहीत आहे. उसाचं बिल जमा झालं, लग्नसराई आली की गल्ल्याला उसंत नसते. बिल लांबलं की बाजार थंड. इंदापूरच्या दुकानात अशा वेळी मी स्वतः काउंटरवर बसायचे, आठवडे बाजाराच्या गावांना माल घेऊन जायचे. ती माझी वल्ही. बारामतीत वल्हं मारायला जागाच नव्हती, हप्ता मात्र पाच तारखेला हजर. चौदा महिन्यांत शटर ओढलं. नणंदेकडून घेतलेले पैसे फेडायला पुढची दोन वर्षं गेली. पैशापेक्षा तिच्यासमोर मान खाली घालून बसणं जास्त लागलं.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. लहान म्हणजे बेफिकीर नाही. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात, कळाशी-कुगावच्या दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले. आपल्या भागात ते कोणी विसरलेलं नाही. लहान बोटीला वादळाचा धक्का आधी बसतो, म्हणून तिची तयारीही आधी हवी. दुकानाचं लाइफ जॅकेट म्हणजे तीन महिन्यांचा ठरलेला खर्च वेगळ्या खात्यात, मालाचा विमा, आणि घरखर्च व गल्ला वेगळा. हे नसेल तर आठ बाय दहाचा गाळाही बुडतो.

मग मोठं कधी व्हायचं? माझा नियम सांगते. सलग सहा महिने, मंदीचे धरून, नव्या जागेचा ठरलेला खर्च जुन्या दुकानाच्या नफ्यातून निघत असेल, तरच. त्या मुलीला म्हणाले, लोक आज हसतील, पण हप्ता थकला की हसणारे मदतीला येत नाहीत.

आज रात्री एवढंच करा. भाडं, पगार, लाइट बिल, हप्ता यांची बेरीज करा. शंभराच्या विक्रीत किती सुटतात ते बघा, आणि खर्च निघायला रोज किती विकावं लागेल ते काढा. आकडा कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच हिशोब घेऊ.

भेटू या. धंदा करा, हिशोबाने करा!